तिकिटाएवढ्या जागेत सातशे सूर्य

एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाच्या पोटात सिलिकॉनचा एक चौकोनी तुकडा आहे. क्षेत्रफळ ६०८ चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण टपाल तिकिटाएवढं. तेवढ्या जागेत ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर बसवलेले आहेत. हा आकडा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही. म्हणून मालवणच्या जेटीवर उभं राहून समोर बघावं. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला ४८ एकरांत पसरला आहे. तो सिलिकॉनचा तुकडा ताणून तटापासून तटापर्यंत अख्ख्या किल्ल्यावर अंथरला, तरी एकेका ट्रान्झिस्टरच्या वाट्याला अडीच चौरस मिलिमीटर जागा येते. मोहरीचा एक दाणा मावेल, एवढीच.

आणि हे दाणे स्वस्थ बसलेले नसतात. पडद्यावरचा खेळ ऐन रंगात असताना चिपचं घड्याळ सेकंदाला सुमारे २५२ कोटी ठोके देतं. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १२ सेंटिमीटर जातो. कार्डाची लांबी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. पडद्यावर एखादी गाडी ओल्या रस्त्यावरून वळते, तिच्या टपावरून दिव्यांचे कवडसे सरकतात, आणि तेवढ्यासाठी कार्ड सेकंदाला ८२ लाख कोटींपर्यंत आकडेमोडी करू शकतं. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याची कमाल ताकद सेकंदाला १०० कोटी आकडेमोडींची होती. देशाला त्याचा अभिमान वाटला आणि तो रास्त होता. दोन्हीकडच्या आकडेमोडीची जात तंतोतंत एक नाही, पण ढोबळ हिशेबाने तसे ८२ हजार ‘परम’ आज एका मुलाच्या टेबलाखाली बसतात.

या सगळ्या श्रमाचं शेवटी काय होतं? उष्णता होते. निव्वळ उष्णता. कार्ड भरात असताना ४५० वॅट वीज ओढतं आणि ४५० वॅट उष्णता बाहेर टाकतं. मध्ये काही शिल्लक राहत नाही. खेळातला पूर, आग, कोसळणारे मनोरे यांतलं काहीही विजेच्या हिशेबात जमेला पडत नाही. मॉनिटरचा उजेड आणि स्पीकरचा आवाजसुद्धा भिंतींत मुरून शेवटी उष्णताच होतो. प्रोसेसर, कार्ड, मदरबोर्ड, वीजपुरवठ्याचा डबा असं सगळं धरून एक तगडा गेमिंग संगणक खेळताना ६०० वॅट घेत असेल, तर खोलीच्या दृष्टीने तो ६०० वॅटचा हीटर आहे. या लेखात पुढे खोलीच्या आणि हवेच्या हिशेबात हाच ६००चा आकडा धरला आहे. ज्यांचं कार्ड आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॅटचं आहे, त्यांनी सगळे आकडे त्या प्रमाणात उतरवून घ्यावेत.

पण खरी गोष्ट वॅटची नाही, जागेची आहे. कार्डाची सगळी वीज चिपच जाळते असं ढोबळपणे मानून ४५० वॅट ६०८ चौरस मिलिमीटरांत वाटले की दर चौरस सेंटिमीटरला ७४ वॅट येतात. घरातल्या १,५०० वॅटच्या विजेच्या शेगडीची तबकडी १८ सेंटिमीटर रुंद असेल, तर तिच्या चौरस सेंटिमीटरमधून सहा वॅट निघतात. म्हणजे चिपचा पृष्ठभाग तापलेल्या शेगडीपेक्षा बारा पट जास्त उष्णता फेकतो. वैशाखातल्या भर दुपारी तारकर्लीच्या वाळूवर पाय ठेववत नाही, तेव्हा एका चौरस मीटरवर सूर्य साधारण १,००० वॅट ओततो. चिपचा हिशेब त्याच मापाने केला तर चौरस मीटरला ७ लाख ४० हजार वॅट. तिकिटाएवढ्या त्या जागेवर ७४० दुपारचे सूर्य एकदम तळपत असतात. फरक एवढाच, की इथे ऊन वरून पडत नाही, आतून उगवतं.

२००१ मध्ये इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी अभियंत्यांच्या परिषदेत एक इशारा दिला होता. चिपची वाढ त्याच चालीने होत राहिली, तर काही वर्षांत तिच्या चौरस सेंटिमीटरमधून अणुभट्टीइतकी, मग अग्निबाणाच्या नळीइतकी आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाइतकी उष्णता निघेल. तसं झालं नाही, कारण उद्योगाला थांबावं लागलं. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत रद्द केला. घड्याळ पळवत नेण्याऐवजी एका चिपवर दोन, चार, सोळा गाभे (कोअर) बसवण्याचा रस्ता तेव्हा धरला गेला. आरटीएक्स ४०९० सारख्या ग्राफिक्स कार्डात १६ हजारांहून अधिक बारके गाभे असतात, त्याच्या मागेही हीच उष्णतेने घातलेली अडवणूक आहे. संगणकाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास हुशारीने घडवला असं आपण म्हणतो. माझ्या मते निम्मा तरी तापमानाने घडवला.

आता हे यंत्र मालवणात आणू. मे महिना, दुपारी चार, बाहेर ३३ अंश, हवेत ७० टक्के आर्द्रता. पंख्याखाली बसून अंगावरचा बनियन चिकटलेला. प्रत्येक आईबापाला वाटतं, माणसाची ही गत, तर यंत्राचं काय होत असेल! गावात नवा संगणक घेणाऱ्यांच्या तोंडीही हेच असतं: आमच्या दमट हवेत एवढं मोठं कार्ड टिकणार नाही.

इथे भौतिकशास्त्र आपल्या समजुतीच्या उलट बाजूला उभं आहे. माणूस घामाने थंड होतो. एक लिटर घाम वाळला की शरीरातून सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता जाते. पण तो वाळला तर. त्याची मर्यादा ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक दाखवतो. मालवणच्या त्या दुपारी असा तापमापक २८ अंशांच्या थोडा वर थांबतो. नागपुरात त्याच दिवशी ४४ अंश ऊन आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर तोच ओला तापमापक २३ अंशांपर्यंत उतरतो. म्हणूनच विदर्भात वाळ्याचा कूलर घर गार करतो आणि कोकणात तोच कूलर आणला की खोलीत नुसती वाफ धरते.

संगणकाला घाम येत नाही. त्याला फक्त कोरडं तापमान कळतं. उष्णता हवेत सोडणाऱ्या त्याच्या हीटसिंकच्या पात्यांना ३३ अंशांची हवा मिळते की ४४ची, एवढाच प्रश्न असतो. त्या हवेत वाफ किती आहे याने थंड होण्यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. आणि इथला हिशेब सरळ बेरजेचा आहे: खोलीचं तापमान अधिक यंत्राची चढ. एखादं कार्ड भरात असताना खोलीपेक्षा ५० अंश वर चढत असेल, तर पुण्याच्या हिवाळ्यात १८ अंशांच्या खोलीत ते ६८ दाखवील, मालवणच्या ३३ अंशांत ८३ आणि नागपूरच्या ४४ अंशांत ९४. आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ९० अंशांची आहे. मर्यादा आली की कार्ड आपणहून घड्याळ मंद करतं, ज्याला खेळणारी मुलं ‘थ्रॉटल झालं’ म्हणतात, आणि पडद्यावरचं चित्र अडखळू लागतं. म्हणजे ज्या हवेला आपण सगळ्यात जास्त नावं ठेवतो, ती यंत्राला खेळताना नागपूरपेक्षा अकरा अंशांनी सोयीची आहे. समुद्राने दिलेली ही सवलत मोठी आहे. तिची वसुली तो दुसऱ्या रस्त्याने करतो, ते पुढे येईलच.

आधी यंत्राच्या आतली वाट पाहू, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात थक्क करणारं काही असेल तर ते इथे आहे.

चिपवर तांब्याचा ठोकळा बसतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगर-दऱ्यांचेच असतात; टेकतात ते फक्त शिखरांवर. मधल्या फटींत हवा. ही हवा हाकलण्यासाठी वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावतात. तिचा थर सुमारे ५० मायक्रॉन, केसाहून बारीक. आता ७४ वॅटचा तो लोंढा या थरातून जायचा आहे. चांगल्या पेस्टमधून जायला त्याला साडेचार-पाच अंशांचा उतार पुरतो. त्याच ५० मायक्रॉनमध्ये पेस्टऐवजी निव्वळ हवा भरली, तर तेवढीच उष्णता पलीकडे ढकलायला १,४०० अंशांहून अधिक उतार लागेल. लोखंड जवळपास वितळेल, एवढा. अर्थात तिथवर काही पोचत नाही. कार्ड त्याच्या कितीतरी आधी स्वतःला बंद करून घेतं. पण तीन-चार वर्षांनी पेस्ट सुकून तिला भेगा पडल्या की नेमकं हेच, छोट्या प्रमाणात, सुरू झालेलं असतं. पंखे जोरात ओरडतात, पात्यांवर हात ठेवला तर ती विशेष गरम लागत नाहीत आणि तापमान मात्र ९० दाखवतं. लोक अशा वेळी आणखी एक पंखा विकत आणतात. पंख्याचा तिथे इलाज नाही. उष्णता पंख्यापर्यंत येतच नाहीये.

पेस्टच्या पुढे हीट पाइप. करंगळीपेक्षा बारीक तांब्याच्या बंद नळ्या, आत थोडंसं शुद्ध पाणी, आणि हवा जवळपास पूर्ण काढून घेतलेली. हवेचा दाब नसल्यामुळे आतलं पाणी ४० अंशांच्या आसपासही उकळतं. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ क्षणात दुसऱ्या टोकाला धावते, पात्यांपाशी निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून वातीतल्या तेलासारखी परत चिपकडे येते. ४५० वॅट असे वाहून न्यायचे, तर तासाला सुमारे ६७५ ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. चार तास खेळ चालला तर पावणेतीन किलो. नळ्यांतलं सगळं पाणी मिळून मात्र काही ग्रॅम भरतं. तेच थेंब एका संध्याकाळी शेकडो वेळा उकळतात आणि शेकडो वेळा निवतात, आणि एकही बाहेर सांडत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी कामाची करून दाखवली, ती अंतराळातल्या यंत्रांचा विचार करून.

म्हणजे यंत्रालाही घामच येतो म्हणायचा, पण तो आतल्या आत. आपला घाम मालवणच्या हवेच्या मेहेरबानीवर असतो, यंत्राचा घाम स्वतःच्या बंद नळीत, स्वतःच्या हवामानात वाळतो. तिथे आर्द्रतेची मात्रा चालत नाही.

शेवटचा टप्पा पात्यांचा आणि पंख्याचा. प्रोसेसरवरच्या एखाद्या उंच कूलरला ५० पाती असतील, प्रत्येक १२ सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद, तर दोन्ही बाजू धरून ६,००० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. खालची चिप अडीच चौरस सेंटिमीटरची. उष्णतेला अडीच चौरसातून उचलून सहा हजार चौरसांवर पसरवणं, हेच सारं कसब. मग हवा तिथून ती उचलते.

किती हवा? ६०० वॅट उचलून हवेने फक्त १० अंश गरम व्हायचं, तर सेकंदाला ६० ग्रॅम हवा लागते. आकडा किरकोळ वाटतो. तासाला तो २१५ किलो होतो. घनफळात सुमारे १८५ घनमीटर, म्हणजे दहा बाय दहाच्या साडेसहा खोल्या भरतील एवढी हवा दर तासाला संगणकाच्या पेटीतून आरपार जाते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सात लिटर हवा श्वासात घेतो; या पेटीचा श्वास चारशेहून जास्त माणसांचा आहे. रोज चार तासांप्रमाणे वर्षभर खेळ झाला, तर पेटीतून गेलेल्या हवेचं वजन ३०० टनांच्या वर भरतं.

पंख्याचाही हिशेब करून पाहावा. १२ सेंटिमीटरचा पंखा मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरतो, तेव्हा त्याच्या पात्याचं टोक ताशी ३४ किलोमीटर वेगाने पळत असतं. चार तासांत ते १३६ किलोमीटर जातं. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा अख्खा किनारा १२१ किलोमीटरचा आहे. वर्षभरात तेच टोक पृथ्वीची एक प्रदक्षिणा पूर्ण करून दुसरीला लागलेलं असतं. आणि इथे एक कठोर नियम लागू होतो: पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट येते, पण त्याला लागणारी ताकद आठपट होते आणि आवाज घर डोक्यावर घेतो. म्हणून एक पंखा किंचाळत ठेवण्यापेक्षा तीन मोठे पंखे सावकाश फिरवावेत. दोन पुढून आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा.

आता तो वसुलीचा भाग. मालवणच्या त्या दुपारच्या एका घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तासाला १८५ घनमीटर, म्हणजे साडेचार किलोहून जास्त. चार तास खेळा: १८ लिटर पाणी, एक मोठा हंडाभर, चालू सर्किटांच्या मधून, वीज वाहत असताना निघून जातं आणि एक थेंब कुठे साचत नाही. कारण सोपं आहे. त्या हवेचं दव पडायला पृष्ठभाग २७ अंशांच्या खाली असावा लागतो, आणि चालू संगणकातला कुठलाही भाग खोलीपेक्षा गरमच असतो. तापलेलं यंत्र स्वतःला कोरडं ठेवतं. भीती आहे ती थंड यंत्राची. एसीच्या खोलीत २० अंशांवर रात्रभर पडलेला लॅपटॉप सकाळी पडवीत आणून लगेच चालू केला, तर त्याच्या आत दव धरलेलं असू शकतं. अर्धा-पाऊण तास तो तसाच, बंद, बाहेरच्या हवेला रुळू द्यावा.

पाण्यापेक्षाही हट्टी आहे ते मीठ. लाटा फुटतात तिथे सूक्ष्म तुषार उडतात, त्यांतलं पाणी वाळतं आणि मिठाचे अदृश्य कण वाऱ्यावर आत येतात. किनाऱ्याजवळ घनमीटरमागे २० मायक्रोग्रॅम मीठ धरलं, तर वर्षभरात पेटीतून पाच ग्रॅमच्या वर मीठ जातं, चहाचा चमचाभर. बहुतेक सगळं मागच्या पंख्यातून निघूनही जातं. थोडं पात्यांवर, थोडं मदरबोर्डवर, धुळीच्या लोकरीत अडकून राहतं. आता आपल्या स्वयंपाकघरात काय होतं ते आठवा. पाऊस लागला की मिठाला पाणी सुटतं. ते कधी सुटतं, याला नेमका आकडा आहे: ७५ टक्के आर्द्रता. त्याच्या खाली शुद्ध मीठ कोरडं खडा राहतं. त्याच्या वर हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. शिरोड्याच्या मिठागरांचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर संपतो, आणि मदरबोर्डवरच्या मिठाचा उद्योग त्याच दिवसांत सुरू होतो. तांब्याच्या केसासारख्या रेषांवर खारट पाण्याचा थर चढतो, त्यात वीज सोडली की हिरवट गंज धरतो, आणि एक दिवस संगणक चालूच होत नाही. दुरुस्तीच्या दुकानात त्याला ‘बोर्ड गेला’ म्हणतात. उष्णतेने गेला असं घरी सांगितलं जातं. किनाऱ्यावर तरी पुष्कळदा तो मिठाने गेलेला असतो.

मायक्रोसॉफ्टने या प्रश्नाचं एक विलक्षण उत्तर शोधून पाहिलं. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांजवळ त्यांनी ८६४ सर्व्हर भरलेली ४० फुटी पोलादी नळकांडी ११७ फूट खोल समुद्रतळावर नेऊन ठेवली. थंड करायला बाहेरचं समुद्राचं पाणी, आणि आत ऑक्सिजन व दमटपणा काढून भरलेला कोरडा नायट्रोजन. २०२० च्या उन्हाळ्यात ती वर काढली तेव्हा जमिनीवरच्या तशाच यंत्रांच्या तुलनेत आतल्या सर्व्हरांच्या बिघाडाचं प्रमाण एक-अष्टमांश निघालं. समुद्राच्या पोटात यंत्रं आठपट निरोगी! मीठ बाहेर राहिलं, दमटपणा बाहेर राहिला, धूळ आणि माणसांचे धक्के बाहेर राहिले. उष्णता नेण्याचं काम तेच, पण हवेतलं पाणी, प्राणवायू आणि माणसांचे धक्के आत नाहीत, यानेच बहुधा हा फरक पडला. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने हा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याला नायट्रोजन भरता येत नाही. पण कुठली हवा आत घ्यायची हे ठरवता येतं. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष उपयोगी आहेत. दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि मीठ आणतो. रात्री उशिरा तो फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि त्यात मीठ पुष्कळ कमी असतं, शिवाय तो दोन-चार अंश थंड असतो. म्हणून संगणकाचं टेबल समुद्राच्या बाजूच्या खिडकीला कधीही लावू नये. माडांच्या, डोंगराच्या बाजूची खिडकी धरावी. पेटीच्या तोंडाला जाळीदार फिल्टर असावा, आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी, म्हणजे फटींतून खारी धूळ शोषली जात नाही. फिल्टर पंधरवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावावा. पात्यांतली धूळ ब्लोअरने काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं.

खोलीचाही विचार हवा, कारण पेटीतून निघालेली उष्णता जाणार कुठे? दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा मिळून ३२ किलोच्या आसपास भरते. दारं-खिडक्या बंद करून ६०० वॅट सोडले आणि भिंतींनी काहीच शोषलं नाही असं मानलं, तर ती हवा दर ५४ सेकंदांना एक अंश चढेल. चार तासांत २६० अंशांच्या वर! असं होत नाही याचं श्रेय भिंतींना. त्याच खोलीच्या चार भिंती जांभ्या दगडाच्या, नऊ इंची असतील, तर त्यांचं वजन सोळा टनांच्या घरात जातं आणि त्याच चार तासांची सगळी उष्णता पिऊन त्या अर्धा-पाऊण अंशच तापतात. जुन्या चिऱ्याच्या घरातलं माजघर गेमिंगला उत्तम, हे मी अगदी मनापासून सांगतो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची खोली सगळ्यात वाईट. तिथला स्लॅब दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी, नेमका खेळाच्या वेळी, ते खाली सोडत असतो. खिडकीत बाहेर तोंड करून एक साधा टेबलफॅन लावला, तरी खोली पाच-सहा अंशांनी सावरते, आणि वरच्या बेरजेच्या नियमाने कार्डही तेवढंच खाली येतं.

पण सगळ्यात स्वस्त थंडावा म्हणजे उष्णता निर्माणच न करणं. १,९२० बाय १,०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ठिपके असतात. सेकंदाला १४४ चित्रं काढायची, तर जवळपास ३० कोटी ठिपके दर सेकंदाला नव्याने रंगवावे लागतात. ६० चित्रांवर थांबलं तर साडेबारा कोटींत भागतं. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ६०च्या पुढची मेहनत डोळ्याला दिसतही नाही, सगळी खोली तापवण्यात जाते. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ या खेळात हे लख्ख दिसलं. त्याच्या नुसत्या मेनूच्या पडद्याला चित्रांची मर्यादा नव्हती. काहीही हलत नसताना कार्ड जिवाच्या आकांताने तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत राहायचं आणि तापायचं. शेवटी ब्लिझार्डने मर्यादा कशी घालायची ते लोकांना सांगितलं. एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) काढायची याची, मर्यादा हे बटण आज बहुतेक खेळांत असतं. ते दाबायला पैसे पडत नाहीत.

त्यापुढची पायरी व्होल्टेजची. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात असते. दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले, तर उष्णता २७ टक्क्यांनी उतरते. शेवटचे थोडे ठोके सगळ्यात महाग असतात. कारखान्यातून निघालेलं कार्ड थोड्याशा जास्त फ्रेम दाखवायला शंभर वॅट जाळतं. पॉवर लिमिट ७०-८० टक्क्यांवर आणून पाहावं. खेळात फरक शोधावा लागतो, तापमानात तो ताबडतोब दिसतो.

लॅपटॉपवाल्यांना एकच सांगणं: गादीवर ठेवून खेळू नका. हवा घेण्याच्या फटी त्याच्या पोटाला असतात, आणि कापसाने त्या बुजल्या की वरचे सगळे हिशेब संपले. मागची बाजू दोन बोटं उचलली तरी पुष्कळ होतं.

आणि पावसाळा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आठवडेच्या आठवडे ९० टक्के आर्द्रता, अधूनमधून वीज गायब. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत गेलं तेव्हा जिल्ह्यातली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती, आणि अशा काळात संगणक बंद, गार, दमट हवेत नुसता उभा राहतो. तीच त्याच्या जिवावरची वेळ. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा नुसती १० अंशांनी तापवली, बाकी काही केलं नाही, तरी तीच हवा ५१ टक्क्यांवर येते. मिठाची रेघ ७५ ची. म्हणजे खेळायला वेळ नसला, परीक्षा असली, तरी जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास यंत्र चालू ठेवलं की बोर्डवरचं मीठ पुन्हा कोरडं होतं. बरेच दिवस बंद राहिलेलं असेल, तर थेट बटण दाबू नये. आधी प्लग काढून, झाकण उघडून, कोरड्या खोलीत किंवा हेअर ड्रायरच्या कोमट झोताखाली ते वाळवावं. सुट्टीत मुंबईला जाणार असाल तर भिंतीवरचं बटण बंद करा, कारण संगणक बंद असतानाही बोर्डवर थोडी वीज खेळत असते, आणि ओलं मीठ तिचीच वाट बघत असतं. बंद केलेली पेटी छोट्या कपाटात हलवता आली तर फारच चांगलं. कपड्यांना बुरशी धरू नये म्हणून इथल्या घरांत कपाटात झिरोचा दिवा लावून ठेवतात; त्या बंद कपाटातली हवा तो चार-पाच अंशांनी उबदार ठेवतो, आणि ९० टक्क्यांना ७० च्या आसपास आणायला तेवढे अंश पुरतात.